जागेवरची चाल

सॉफ्टवेअर फुकट मिळालं म्हणून शिकणंही फुकटात होत नसतं, हे ॲनिमेशन शिकवणारे जोतिराम सर पोरांना येता-जाता ऐकवत. सांगितल्याबाहेरचं काही केलेलं त्यांना खपत नसे. म्हणून अरिबानं कॉम्प्युटरवर बनवलेला माणूस रस्त्यानं एका घराच्या निळ्या दाराकडं चाललेला दिसला, तेव्हा ते भडकलेच.

"आधी जागेवर चालवायचा म्हटलं होतं ना? पाय जमल्याशिवाय पुढं न्यायचा नाही. काढून टाक तो रस्ता. आणि ते घरही."

पंधरा वर्षांच्या अरिबानं माउस हातात घेतला. तिनं रस्ता पुसला, घर पुसलं.

शनिवारी पालकांना पोरांचं काम दाखवलं. अरिबाची आई खातूनबी पहिल्याच खुर्चीवर बसली होती. पडद्यावर तो माणूस चालू लागला. डावा खांदा जरा पडलेला, गळ्यात टॉवेल. इतकी जिवंत चाल वर्गात कुणालाच जमली नव्हती. सरांची छाती फुगली.

खातूनबी ताडकन उठली. "हे तर हिचे अब्बा!"

ट्रक घेऊन गेलेला तिचा नवरा चांदसाब दोन वर्षं झाली तरी परतला नव्हता, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. सरांनाही. ते निळ्या दाराचं घर कुणाचं, एवढं मात्र त्यांनी विचारलं नव्हतं.

खातूनबी पडद्यापाशी गेली. माणूस चालतच होता, तिथल्या तिथं.

"सर, लई येळ चालायलेत की हे," ती म्हणाली. "मग घरला का पोचत न्हाईत?"

अरिबा आईकडं बघतच नव्हती. ती सरांकडं बघत होती.