पाय टेकत नाहीत

मी एक मोटरसायकल. वजन तीनशे किलोच्या वर, इंजिन एखाद्या लहान मोटारीला लाजवील असं. मी सुरू झाले की तीन गल्ल्यांतली कुत्री उठून बसतात. एवढा मोठा आवाज दिलाय मला, पण त्यात एक धड वाक्य नाही! आज बोलतेय, कारण तीन वर्षं गप्प बसून माझं डोकं फिरायची वेळ आली आहे.

कारखान्यात माणसांनी माझ्यावर फार मेहनत घेतली. रुंद टाकी, जाडजूड मागचं चाक, सहा गिअर. शेवटची तपासणी करणाऱ्या बाईंनी कागदावर सही केली, टाकीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "जा, पळ." मला वाटलं, आता डोंगरातले रस्ते, लांबचे पल्ले. कसलं काय!

मला घेतलं एका चष्मेवाल्याने. दिवसभर भिंगाखाली बारीक स्क्रू पिळणारा, हाताने हळुवार, स्वभावाने भला, उंचीने बेताचा. दुकानात मला स्टँडवर डावीकडे कलती उभी केली होती, त्यामुळे त्याचा डावा पाय टेकला. उजव्याची त्याने चौकशीच केली नाही. अहो, चप्पल घेतानासुद्धा माणूस चार पावलं चालून बघतो!

दुकानाच्या माणसाने मला घरी आणून सोडलं. तिथे याने स्टँड काढला तेव्हा खरा प्रकार कळला. दोन्ही अंगठ्यांची टोकं तेवढी जमिनीला लागत होती. दुसऱ्या दिवशी तो बुटांना दोन बोटं जाड तळ लावून आला. तरी टाचा अधांतरीच. मग त्याने एक रस्ता शोधून काढला. घरातून निघायचं, सगळी वळणं डावीकडे घ्यायची, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा आणि परत. वाटेत सिग्नल नाही, म्हणजे थांबायला नको, पाय टेकायला नको. तीन वर्षं मी त्या टाकीभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरले. दुसऱ्या गिअरच्या वर कधी गेले नाही. बाकीचे चार काय शोभेला दिले होते?

तेही मी गिळलं असतं. पण मला खरा राग होता तो बायकोशी तो जे वागला त्याचा.

ती शाळेत गणित शिकवते. मी आले त्या दिवशी केस घट्ट बांधून हौसेने मागे बसायला आली. "आज नको, इंजिन नवीन आहे," तो म्हणाला. पुढे म्हणे सायलेन्सर तापतो, पाय भाजेल. मग म्हणे मागची सीट कडक आहे. खरी गोष्ट एवढीच, की तोल गेला तर ती पडेल, या भीतीने त्याला घाम फुटायचा. ती शाळेत गेली की तो मागच्या सीटवर वाळूची गोणी बांधून मला उभं धरायचा सराव करायचा. गोणी किती वेळा आपटली ते मी मोजायचं सोडून दिलं. पण हे तिला सांगायला त्याची जीभ काही उचलेना.

पहिल्या वर्षी तिने चेष्टेवारी नेलं. बहिणीला फोनवर म्हणाली, "गाडी आल्यापासून यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत बघ!" शेजारी फडकं घेऊन बसलेला माझा मालक पांढराफटक पडला. त्याला वाटलं, कळलं हिला! तिला कसलं कळतंय, ती आपली बोलण्यात बोलली होती. दुसऱ्या वर्षी चेष्टा थांबली. तिसऱ्या वर्षी ती बहिणीला हळूच म्हणाली, "मी मागे बसलेली यांना शोभत नसेन." अरे माणसा, सांग की तिला! मी जीव तोडून ओरडत होते, पण बाहेर पडायची ती नुसती धडधड.

गेल्या महिन्यात एका सकाळी ती सरळ येऊन मागे बसली.

"अहो, चला. ताईकडे जायचंय."

"अगं, पण आज जरा..."

"नेणार नसाल तर तोंडावर सांगा. मी उतरणार नाही."

तो निघाला. चौकातल्या चढावर सिग्नल लाल झाला. त्याने पाय खाली सोडला, आणि खाली रस्ता नव्हता. म्हणजे होता, पण कडेला खचलेला, तीन बोटं लांब. मी सावकाश, सगळ्यांना नीट बघता यावं अशी, आडवी झाले.

फार कुणाला लागलं नाही. त्याचं कोपर खरचटलं, माझा एक आरसा गेला. चौघांनी मिळून मला उचललं. ती पदपथाच्या कडेला बसली होती आणि तिच्या हातात त्याच्या बुटाचा सुटलेला तळ होता.

"हे काय आहे?"

"पाय पुरत नाहीत माझे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तुला पाडीन म्हणून नेत नव्हतो."

"तीन वर्षं?" तिचा आवाज चढला. "तीन वर्षं मी आरशात बघतेय, माझ्यात काय वाईट आहे म्हणून! आणि तुम्ही बूट जाड करत बसलात?"

मग ती रडायला लागली, आणि रडता रडताच त्याच्या कोपरावरची माती झटकायला लागली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. दोघांनाही त्याचं काही नव्हतं.

आता माझी अवस्था बघा. मेकॅनिकने हळहळत माझी सीट तासली, मागचे शॉकअप बुटके बसवले. आरसा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आहे. रूप गेलं ते गेलंच. सुट्टीच्या दिवशी आम्ही गावभर हिंडतो. तिसऱ्या गिअरपर्यंत मजल गेली आहे. चौथा टाकला की मागून त्याच्या पाठीत धपाटा बसतो. माझ्यासारखी घ्यायचा विचार असेल तर एवढं ऐका. आधी दोन्ही पाय टेकवून बघा. आणि नाही टेकले, तर घरी जाऊन सांगा हो! आवाज करायला मी आहेच, बोलायचं तुमचं तुम्हालाच आहे.

परवा एका चढावर थांबलो होतो. त्याचा पाय टेकला, पण जेमतेम. मान न वळवता तो म्हणाला, "उतरतेस का? चढ आहे."

"नाही," ती म्हणाली. "पडलो तर दोघं पडू."

दोघं म्हणे! सगळ्यांत आधी आपटणार मी, पण मला कोण मोजतंय!