व्याह्यांना शिव्या कोण देणार?

नेपाळातला जिबछलाल जनकपूरहून दोन दिवसांचं प्रशिक्षण, एक कापडी पिशवी आणि सीमापार सद्भाव समितीचं सभासदत्व घेऊन परतला. नेमकं त्याच आठवड्यात त्याच्या मुलीचं, बबिताचं, लग्न होतं.

मुलगा पलीकडचा, भारतातला. पलीकडे म्हणजे जिबछलालच्या उसाला लागून असलेला सीमेचा खांब ओलांडला की सायकलवर वीस मिनिटं. मुलाचे वडील सत्तनबाबू गेली तीस वर्षं दर बुधवारी दाढी करायला याच गावात येत, कारण त्यांच्या गावचा न्हावी गप्पा मारत नसे. "काय सत्तन, उरलंय का डोक्यावर काही कापायला?" असं जिबछलाल त्यांना भर बाजारात विचारी. प्रशिक्षणानंतर मात्र ते मित्रराष्ट्राचे नागरिक झाले.

"मित्रराष्ट्राच्या नागरिकाचा अनवधानानेसुद्धा अवमान होता कामा नये," त्याने घरातल्या बायकांना जमवून सांगितलं. "म्हणून या लग्नात डहकन बंद."

फुलदाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, हातातला झारा कढईवरच थांबला. व्याही पानावर बसले की मुलीकडच्या बायकांनी त्यांना गाण्यातून शिव्या घालायच्या, ते डहकन. ते बंद?

"अहो, मग ते जेवणार कसे?"

"हाताने."

"दुलारीकाकी महिनाभर जुळवतेय. नुसत्या व्याह्यांच्या आत्यावर चार कडवी झालीत!"

"आत्यासुद्धा परराष्ट्रीयच आहे," जिबछलाल म्हणाला आणि स्वागतगीत लिहायला बसला.

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी व्याह्यांची मानाची पंगत बसली. भात, तिळकोराच्या पानांची भजी, रोहू मासा, घट्ट दही. सत्तनबाबूंनी डोक्यावरचा नवा पाग, म्हणजे मैथिली पगडी, सावरला, पहिला घास उचलला आणि कान टवकारले. आतून बायकांचा आवाज आला.

"महनीय अतिथी, स्वागत असो, उभय देशांची प्रगती होवो..."

चाल दुलारीकाकीने लावली होती. तिरडी उचलताना शोभेल अशी.

सत्तनबाबूंचा घास हवेतच राहिला. "जिबछभाऊ, आमचं काही चुकलं का?"

"छे छे! हा आपला सन्मान..."

"सन्मान? मी काय शाळा तपासायला आलोय? थोरल्याच्या लग्नात बायकांनी मला गाढवाचा मामा म्हटलं होतं. अजून सांगत फिरतो मी! आपलं मानायचं नसेल तर सरळ सांगा. परक्याच्या घरी मी जेवत नाही. आणि उपाशी उठलो, तर तुमची मुलगी कोणत्या तोंडाने घेऊन जाऊ?"

त्यांनी घास खाली ठेवला. पाठोपाठ साठ वऱ्हाड्यांनी ठेवला. शेवटच्या ओळीतल्या एकाने तोंडातला मासा आधी नीट गिळला आणि मग तोही रुसला.

जिबछलाल आत धावला. दारातच बबिता उभी. "बाबा, घालू दे ना त्यांना शिव्या! मी काय जन्मभर इथंच राहू?"

"काकी, म्हण गं," जिबछलाल काकुळतीला आला.

"मी बाई अडाणी," दुलारीकाकी पान चघळत म्हणाली. "दोन देशांची भानगड. लेखी परवानगी आण."

"पाया पडतो तुझ्या!"

"पायांना गाता येत नाही. तू समितीचा माणूस, तूच घाल."

जिबछलालने विचार केला. प्रशिक्षणात मनाई होती ती अनवधानाने होणाऱ्या अवमानाला. हा तर पूर्ण शुद्धीत करायचा होता. तो पंगतीसमोर उभा राहिला, घसा खाकरला आणि गाऊ लागला.

"सत्तनबाबू, आपल्या अल्प केशसंभाराबद्दल... तीव्र नापसंती... नोंदवण्यात येत आहे..."

एकानेही घास उचलला नाही. कुत्रंसुद्धा उठून गेलं.

"हट मेल्या! ही शिवी आहे का तक्रार अर्ज?" दुलारीकाकीला ते सहन होईना. पान थुंकून तिने सूर धरला, आणि मागून साऱ्या बायका तुटून पडल्या.

"सत्तनबाबू पाटावर फुगले, जसा बेडूक डबक्यात,
आत्या त्यांची लपून बसली हलवायाच्या डब्यात!"

"हां! आता कसं!" सत्तनबाबूंनी मांडीवर थाप मारली आणि दह्यात हात घातला. आत्याच्या चौथ्या कडव्याला तर त्यांनी भात मागून घेतला.

जिबछलालने श्वास सोडला, तोच शेजारच्या पानावरून सत्तनबाबूंचे धाकटे भाऊ गुरगुरले, "आणि आम्ही काय नुसते गर्दी करायला आलोय?"

मग जिबछलाल पंगतीतून वाकून वाकून फिरला. नाव काय, पोट केवढं, घोरता का, हे प्रत्येकाला अदबीने विचारायचं आणि आत जाऊन काकीला सांगायचं. ज्याला शिवी पोचे तो जेवायला लागे. साठावा माणूस हात धुऊन उठला तेव्हा चार वाजले होते. वाजंत्री दाराशी आली. आपलं सासरी जाणं पक्कं झालं म्हटल्यावर बबिता निर्धास्तपणे भोकाड पसरून रडू लागली.