रांगेत पहिला नंबर माझा

मी एक जुना लाकडी खोका आहे. माझ्या अंगावर काळ्या शाईने बाण काढून 'ही बाजू वर' असे छापले आहे आणि मित्रांनो, गेली पाच वर्षे मला उलटाच ठेवतात. पण माझी तक्रार नाही. सरळ राहिलो असतो तर मशीनचे सुटे भाग वाहण्यातच जन्म गेला असता.

मरोळच्या एका कारखान्याने मला रिकामा करून फेकून दिले. तिथून मला उचलले जयंतीने. कॉलेजात शिकणारी ही मुलगी इतकी बुटकी, की उभी राहून बोलली तरी मागच्यांना वाटे, बसूनच बोलते आहे. आवाज मात्र खणखणीत! वस्तीतल्या चार मुलींचे 'विद्यार्थिनी मंडळ' तिने काढले होते. नळापाशी मला उलटा टाकून ती माझ्यावर चढली आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा सगळ्यांना दिसली. मला भारी अभिमान वाटला.

पद्मजा तिची जिवाभावाची मैत्रीण. तेव्हा बस आमच्या वस्तीजवळ थांबत नसे. कॉलेजातून परतताना पद्मजाला एका बंद कारखान्याच्या भिंतीकडेने वीस मिनिटे अंधारात चालावे लागे. एकदा टवाळ पोरांनी तिची वाट अडवली. तिचे वडील अंबादास वॉचमन होते. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. नाही जमलं तर कॉलेज बंद. मला पोरगी पाहिजे, डिग्री नको."

 पद्मजा माझ्यावर बसून नुसती वही चाळत राहिली. मला फार वाईट वाटले.

मुलींनी बस डेपोत जाऊन थांब्यासाठी अर्ज दिला. तिथले साहेब म्हणाले, "त्या जागी कुणी उभंच राहत नाही. बस थांबवायची कुणासाठी?"

परत येऊन हे सांगताना जयंती चक्क हसत होती. "एवढंच ना? मग उभं राहू या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मला रस्त्याच्या कडेला ठेवले आणि माझ्यामागे रांग लागली. आधी मुली, मग डोक्यावर पाट्या घेतलेल्या भाजीवाल्या, मग शाळेची पोरे. बस दिसली की सगळे हात करत, बस भुर्रकन निघून जाई आणि सगळे पुढच्या थांब्याकडे धावत. आठ दिवस हेच चालले.

"जयू, लोक हसतात गं," पद्मजा कुरकुरली.

"हसू दे ना. हसायला तरी थांबतात की नाही?"

नवव्या दिवशी एक अनोळखी कामगार रांगेत येऊन उभा राहिला. त्याने भाजीवाल्या शांताबाईंना विचारले, "मावशी, कितव्या नंबरची बस थांबते इथं?"

"अजून कुठलीच नाय. पण तुम्ही रांग सोडू नका."

आणि गंमत म्हणजे त्याने सोडली नाही! त्याच्यामागे दुसरा आला, तिसरा आला. मुंबईच्या माणसाला रांग दिसली की त्याचे पाय आपोआप थबकतात. रांग भिंतीच्या वळणापर्यंत गेली.

दिवाळीला चार दिवस उरले असताना ते साहेब स्वतः पाहायला आले. नेमके तेव्हाच अंबादासही कामावरून परतले. आता हे पद्मजाला हाताला धरून घरी नेणार, या भीतीने माझ्या फळ्या आकसल्या. पण ते मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

साहेबांनी माणसे मोजली. त्र्याहत्तर. मग माझ्याकडे बघून विचारले, "हा खोका कशाला?"

"खांब येईपर्यंत, साहेब," जयंती म्हणाली. साहेबांनाही हसू आले.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडले, त्याच दिवशी थांब्याचा खांब उभा राहिला. संध्याकाळी बस थांबली, पद्मजा उतरली. अंबादास माझ्यावर बसून तिची वाट पाहत होते. "आलीस? चल लवकर जेव. उद्या परत जायचंय," ते म्हणाले.

खांब आल्यावर मला कोण विचारतो? मी गटारापाशी पडून राहिलो. कोंबड्यांनी माझ्यात संसार थाटला. गेल्या थंडीत शांताबाईंनी पाणी तापवायला मला फोडायचे ठरवले आणि कोयता उचलला. तेवढ्यात अंबादास धावत आले. "अहो, काय करताय! खोका नाय तो. माझ्या पोरीचा बसस्टॉप आहे!"

आता मी वस्तीच्या अभ्यासिकेत असतो. पद्मजा वकिलीचे शिकते आहे. रविवारी ती आणि जयंती छोट्या मुलींना माझ्यावर उभे करून बोलायला शिकवतात. माझी एक फळी कुरकुरते, तेवढा एक खिळा कुणीतरी ठोकायला हवा.

मित्रांनो, रिकामा खोका दिसला की लगेच चुलीत घालू नका. आधी आजूबाजूला बघा, कुणाला त्याच्यावर उभे राहायचे आहे का.