मोठा दिवस

डोळे मिटा, बाळांनो, आणि माझ्याबरोबर नौबादला चला. निजामाचं राज्य आहे. डिसेंबराची पंचवीस तारीख, ऊन कलायला लागलंय. एका लहानशा घरात एक गोरी बाई खिडकीत मेणबत्ती लावतेय आणि वारा ती विझवतोय. तिनं चार वेळा लावली, चार वेळा विझली. शेवटी तिनं मेणबत्ती उचलून भिंतीशी, जमिनीवर आणली. तिथं ती उभी राहीना. मग बाईनं ताटात ज्वारीचं पीठ घेतलं, तळहातानं दाबलं, त्यात मेणबत्ती रोवली आणि मागं सरकून बघत बसली. आता ज्योत सरळ जळत होती.

तिचं नाव इंगा. नॉर्वे नावाच्या बर्फाळ देशातून ती आली होती आणि नौबादच्या दवाखान्यात नर्स होती. सगळे इंगाबाई म्हणत. भिंतीपलीकडच्या कानडी रत्नम्माला मात्र त्या नावाचं हसू येई, कारण 'इंगा' म्हटलं की तिला मराठीतला 'हिंग' ऐकू येई आणि तिच्या कानडीत 'हिंग' म्हणजे 'असं'. "हिंगाबाई, हिंग बसा," असं म्हणून ती स्वतःच पोट धरून हसे. इंगाबाईही हसत. गल्लीतली निम्मी लेकरं त्यांच्या हातांवर जन्मली होती.

दरवर्षी नाताळाला त्या हैदराबादेला, आपल्याच देशाच्या दोघी मैत्रिणींकडे जात. त्या दोघी उन्हाळ्यात दूर कुठं निघून गेल्या. तिकडं, त्यांच्या मुलखात, लढाई पेटली होती. परक्या फौजेनं नॉर्वे घेतला होता, आणि एप्रिलपासून घरचं एकही पत्र आलं नव्हतं. दुपारी टपालवाला गल्लीत शिरला की इंगाबाई दारात येऊन उभ्या राहत. तो लांबूनच मान हलवी.

म्हणून या वर्षी त्यांनी ठरवलं, सणाला एकटं बसायचं नाही. गल्लीला बोलवायचं.

आदल्या सकाळी निरोप द्यायचं काम कमळीकडे आलं. कमळी नऊ वर्षांची, शेजारच्या अंकुशरावांची मुलगी. रोज सकाळी दूध घालायला यायची.

"कमळी, उद्या मी मोठा दिवस करते," इंगाबाई शब्द जुळवत म्हणाल्या. शहरात नाताळाला लोक 'बडा दिन' म्हणत, त्याचं त्यांनी आपल्या परीनं मराठी केलं होतं. "सगळ्यांना सांग. चार वाजता या. गाणं म्हणू."

"खायाला काय हाय?"

"केळी. फुटाणे. गूळ."

शिजवलेलं काहीच नव्हतं. परक्या हातचं शिजवलेलं गल्लीत कुणी खात नाही, हे नौबादच्या पाच वर्षांत इंगाबाईंना समजलं होतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. एकदा तरी कुणी आपल्या घरात बसून काही खावं, एवढंच त्यांना हवं होतं.

कमळी धावत सुटली. धावता धावता 'मोठा' वाटेत कुठंतरी पडला.

"आये, इंगाबाई उद्या दिवस करायल्यात. समद्यांला बोलावलंय."

भाकरी थापता थापता राजूबाईचे हात थांबले. "अगं बया! कुणाचे?"

"कुणाचे म्हंजे? त्यांचेच. त्यांच्या घरचे."

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे दिवस कुणाचे करतात? गेलेल्या माणसाचे. तुम्हाला ठाऊक आहे, पण कमळीला ठाऊक नव्हतं.

"तरीच," राजूबाई म्हणाली. "रोज टपालाच्या वाटंला डोळे लावून बसायची बिचारी. आला असंल कागद."

भिंतीपलीकडून रत्नम्माचं डोकं वर आलं. "अय्यो यव्वा! आई गेली का बाप? आन् तोंडातून शब्द न्हाई काढला!"

"कुणाला सांगंल? हितं हाय कोन तिचं?"

"कामून? आपन मेलोत व्हय? माझ्या दोन्ही बाळंतपनाला माझ्या उशाशी बसली ती. सख्खी भैन बसंना तशी."

दुसऱ्या दिवशी कमळीनं ठेवणीतला जरीकाठी परकर घातला. आईनं तो उतरवायला लावला.

"कामून? तितं गानं म्हनायचं हाय!"

"गप बस. गानं म्हनं! दिवसाला कुनी असं नटून जातंय व्हय?"

कमळी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आपण काहीतरी उलटं सांगून आलो, हे तिला कळलं. पण तोवर निरोप गल्लीभर झाला होता. तिनं परकराची घडी घातली.

चार वाजता बायका आल्या. नऊ-दहा जणी, जुन्या लुगड्यांत, डोक्यावरून पदर पुढं ओढलेला.

"या, या!" इंगाबाई दारातच म्हणाल्या. त्यांनी अंगात धुवट पांढरा झगा घातला होता आणि केस नीट विंचरून बांधले होते. बायका खाली बघत आत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मग त्यांना ते पिठातल्या मेणबत्तीचं ताट दिसलं. माणूस जातं त्या जागी आपल्याकडे असाच, पिठावर दिवा ठेवतात. राजूबाईनं तोंडाला पदर लावला.

इंगाबाईंनी केळ्यांचं ताट पुढं केलं. मयताच्या घरी केळी कोण खाणार? पहिलीनं ते दुसरीकडे सरकवलं, दुसरीनं तिसरीकडे. ताट रांगेच्या टोकापर्यंत गेलं आणि तसंच्या तसं परत आलं. इंगाबाईंच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण ते आता धरून ठेवल्यासारखं दिसत होतं.

"गाणं... म्हणू का?" त्यांनी विचारलं.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. राजूबाई उठली. तिनं बरोबर आणलेलं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि इंगाबाईंच्या तोंडाशी नेला.

"खावा बाई. सकाळधरनं चूल पेटवली नसंल तुमी."

इंगाबाईंचा चेहरा एकदम उजळला. मोठ्या माणसाला कोण भरवतं? त्यांनी लहान मुलीसारखं तोंड उघडलं आणि घास घेतला.

दोन-तीनदा चावल्यावर त्यांची हनुवटी थांबली.

भाकरीत कडुलिंबाचं पान होतं. मयताच्या घरी शेजारपाजारच्या बायका असा कडू घास भरवतात. पाच वर्षांत इंगाबाई या गल्लीतल्या कितीतरी अशा घरांत बसल्या होत्या. कुणाचं बाळ वाचलं नव्हतं, कुणाची म्हातारी. त्यांनी जुन्या लुगड्यांच्या रांगेकडे पाहिलं. पिठातल्या ज्योतीकडे पाहिलं. शेवटी कमळीकडे पाहिलं. कमळीनं मान खाली घातली.

इंगाबाईंचा एक शब्द पुरला असता. सगळ्याजणी कपाळावर हात मारून हसल्या असत्या आणि रत्नम्मानं वर्षभर ती गोष्ट सांगितली असती.

रत्नम्मानं त्यांच्या पाठीवर हात टाकला. "कोन गेलं गं, अक्का?"

इंगाबाईंनी घास गिळला.

"मी," त्या म्हणाल्या.

"आँ?"

"मीच गेले. घरून. अकरा वर्षं झाली."

"नाव घेववंना गं तिला," राजूबाई हळूच म्हणाली. "दुःखानं काई बी बोलायली."

रत्नम्मानं त्यांचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं. मग इंगाबाई रडल्या. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. नंतर आवाज फुटला. तसं त्यांना रडताना गल्लीनं कधी ऐकलं नव्हतं. रत्नम्मा त्यांच्याबरोबर रडली, राजूबाईही. उरलेला कडू घास राजूबाईनं तुकड्या-तुकड्यानं भरवला, आणि इंगाबाईंनी तो सगळा खाल्ला.

ऊन भिंतीवर चढलं तशा बायका उठल्या.

बाळांनो, आपण कुणाच्या घरून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. आणि घरची माणसं म्हणतात, 'या'. पण मयताच्या घरून उठताना तेवढं मात्र म्हणायचं नसतं. मुकाट उठायचं, मागं न बघता चालायला लागायचं. पुन्हा अशा कामाला यायची वेळ नको, म्हणून.

इंगाबाई दारात उभ्या होत्या. एकेक बाई त्यांच्या समोरून जात होती. दरवेळी 'या' म्हणायला त्यांचे ओठ किंचित उघडत आणि मिटत. शेवटची बाई उंबरा ओलांडून गेली. आत केळी जशीच्या तशी होती.

कमळीचा हात आईच्या हातात होता. आठ-दहा पावलं ती तशीच ओढली गेली. मग तिनं हिसडा देऊन हात सोडवला, गल्लीच्या मधोमध मागं वळली आणि ओरडली,

"बाई, येते!"

सगळ्या बायका जागच्या जागी थांबल्या. राजूबाईनं धावत येऊन तिच्या तोंडावर हात दाबला. कमळीनं तो हात आपल्या दोन्ही हातांनी खाली ओढला, आणि पुन्हा म्हणाली.