न वाजलेला आवाज

निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती आणि पत्रे ठोकणाऱ्या कारखान्यातल्या दादांना ऐकू येईनासं झालं होतं. मागून येणारी फोर्कलिफ्ट दोनदा त्यांना घासून गेली होती. पण घरी बसवतील या धास्तीने त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

एक दिवस सगळ्यांचे कान तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. दादांना हेडफोन लावण्याआधी समोर बसून म्हणाल्या, "आवाज आला की बोट वर करा."

दादा मनात आकडे मोजत थोड्या थोड्या वेळाने बोट वर करत राहिले.

बाईंनी हेडफोन काढला आणि मोठ्याने म्हणाल्या, "दादा, मी अजून मशीन सुरूच केलं नाही."

दादांचा चेहरा पडला. "दोनच वर्षं हो! तेवढी रेटू द्या."

"रेटायची कशाला? धडधाकट घरी जायचंय ना?"

त्यांनी तिथेच मॅनेजरला बोलावून घेतलं. पुढच्या महिन्यात फोर्कलिफ्टवर लाल दिवा बसला. दादा त्याच पगारावर माल तपासायच्या शांत खोलीत गेले आणि त्यांना कानाचं यंत्रही मिळालं.

त्या संध्याकाळी ते घरात शिरताच बायको स्वयंपाकघरात पुटपुटली, "आले आमचे बहिरोबा."

"ऐकलं बरं का!" दादा म्हणाले, आणि दोघंही हसत सुटली.