खबर देणारा

वारज्यातल्या दोन खोल्यांच्या घरात गेले पंधरा दिवस एका अमेरिकी कप्तानाची बडदास्त चालली होती. हे एलियास कोल्बी सव्वादोनशे वर्षांपूर्वी गलबतातून मिरी वाहून नेत. त्यांच्या हौशी वारसांना वंशावळ हवी होती आणि ती शोधणं ही निकिताची नोकरी होती. कप्तानाचं लग्न, मृत्युपत्र, सगळं सापडलं. बाप काही सापडेना.

निकिताचे वडील, सुखदेवराव, घरात आले आणि खुर्चीत बसूनच राहिले.

"सापडला का तुझा गोरा पणजोबा?"

"नाही, बाबा. तुमचं काय झालं?"

"तेच. आपलं नावच नाही."

धाकट्या भावाच्या, चेतनच्या कॉलेजप्रवेशासाठी जातपडताळणी हवी होती, आणि तिला पन्नास सालाआधीचा, जात लिहिलेला घराण्यातला कागद. मुदत शुक्रवारपर्यंत. आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. खडकवासल्याकडच्या गावाचं कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी वही, बाबा तीनदा चाळून आले होते. 'रविवारी बघते' म्हणत निकिताने दोन महिने काढले होते. परक्याचे पूर्वज उकरून डोळे इतके शिणायचे की घरचा कागद नकोसा वाटे. आज बाबांनी चहाही मागितला नाही, तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी कप्तानाचा बाप सापडला. स्वतःच्या कागदात नव्हे, शेजाऱ्याच्या मृत्युपत्रावर, साक्षीदार म्हणून. निकिता उठलीच.

"बाबा, त्या वहीचे फोटो काढलेत ना? द्या इकडे."

"अगं, नाव नाही म्हटलं ना!"

त्यांनी मुलाच्या आणि बापाच्या नावाचे रकाने पाहिले होते. निकिताने शेवटचा रकाना मोठा केला. पाटलाला नातू झाला. खबर देणारा सटवाजी, जात महार, अंगठा. कुलकर्ण्यांची सून वारली. खबर देणारा सटवाजी. चार पानांवर एकोणीस वेळा. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

"हा माझा आजा," सुखदेवराव म्हणाले. मग अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवून, "सगळ्या गावाची खबर दिली त्याने. स्वतःच्या पोराची कुणी लिहून घेतली नसेल."

त्यांचे डोळे भरून आले.

"जात लिहिलीय, बाबा. उद्या याची नक्कल मागू. एक पुरते."

"एकोणीसही माग," ते म्हणाले. "दर वेळी चावडीपर्यंत चालत गेला असेल तो."