मानेशी लावलेला तुकडा

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी दुकानात लोकर विंचरत होतो. ऑपरेशन साधं होतं. दोन-चार दिवसांत येते म्हणून ही स्वतःच्या पायांनी गेली होती, पिशवीत विणायच्या सुया टाकून. फोनवरचा माणूस फार हळू बोलत होता. मी म्हटलं, जरा मोठ्याने बोला. मग तो मोठ्याने बोलला आणि मला कळलं.

दुकान खाली, घर वर. वर हिच्या आई होत्या. नवरा गेल्यापासून त्या आमच्याकडेच राहतात. मी जिना चढलो आणि त्यांना सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. त्या खिडकीशी बसल्या होत्या.  मग कपड्याच्या गळ्यात हात घालून त्यांनी आत पिनने लावलेला लोकरीचा तुकडा सोडवला, मुठीत धरला आणि म्हणाल्या, "हा टोचतो."

तुकड्याचं सांगायला हवं. कोणाला कोणती लोकर सोसेल हे हाताने कळत नाही, हात निबर असतात. म्हणून ही गिऱ्हाइकाला आधी तळहाताएवढा तुकडा विणून द्यायची आणि दिवसभर मानेशी, आतल्या बाजूने लावून ठेवायला सांगायची. टोचला नाही तर तीच लोकर. मग तो तुकडा उसवायचा आणि त्याच धाग्याने स्वेटर सुरू करायचा, म्हणजे लोकर वाया जात नाही. आमच्या दुकानात वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

गेल्या थंडीत आईंची छाती भरली होती. डॉक्टर म्हणाले होते, पुढची थंडी उबेत काढा, पण अंगावर वजन नको. दोन गोधड्या घातल्या तरी त्यांना धाप लागते. म्हणून अंगालगत घालायचा, हलका आणि उबदार असा एक स्वेटर थंडीच्या आत करायचा, असं हिने ठरवलं होतं. दवाखान्यात जायच्या आधी हिने चार तुकडे विणून ठेवले. मेंढी, उंट, ससा आणि शेळी. पहिला, मेंढीचा, जाताना स्वतः आईंना लावून गेली.

माणसं आली, बसली, गेली. मग घरात आम्ही दोघंच उरलो. मी सकाळी चहा करायचो, त्या अर्धा प्यायच्या. मी दुकान उघडायचो आणि कोणी आलं नाही तर बरं वाटायचं. पण हवा बदलायला लागली. पहाटे त्या खोकायला लागल्या. तेव्हा मी उरलेले तुकडे काढले.

मेंढीचा टोचला यात नवल नव्हतं. मेंढीच्या लोकरीत जाड केस राहतात, त्यांची टोकं कातडीला लागतात. पण ती दमट झाली तरी ऊब धरते आणि ताणली तरी परत आपल्या जागेवर येते. रोजच्या कामाला तिच्यासारखी दुसरी नाही. आईंना मात्र ती अंगालगत चालणार नव्हती.

उंटाचा तुकडा लावला. उंटाच्या अंगावरचे वरचे राठ केस काढून टाकले की खाली बारीक लव असते, ती बहुतेकांना सोसते. संध्याकाळी त्या म्हणाल्या, टोचतो, शिवाय वास येतो. मी म्हटलं, धुतलेली आहे. त्या म्हणाल्या, "मग उंट धुवायचा राहिला असेल, जावईबापू."

सशाचा लावला. सशाची लोकर सगळ्यांत हलकी आणि ऊब भरपूर. पण ती सुटते, जिथेतिथे केस पडतात, आणि नुसती विणली तर कपडा लोंबतो. आईंना शिंकांवर शिंका. ससा नाकात शिरला म्हणाल्या. तेही खरं असेल. पण वर, टोचतो, असंही म्हणाल्या. ससा टोचल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

राहिला शेळीचा. थंड मुलखातल्या शेळीच्या अंगावर राठ केसांखाली जी लव असते, ती थंडी सरली की विंचरून काढतात. इतकी बारीक की धरली तरी हातात काही आहे असं वाटत नाही. आईंना लावायच्या आधी मी तो तुकडा स्वतःच्या मानेशी लावून पाहिला आणि काढायचा विसरलो. शेजारचा शिंपी चहा प्यायला आला, म्हणाला, गळ्यात हे काय लोंबतंय, नजर लागू नये म्हणून का. मला तुकडा लावल्याची आठवणसुद्धा नव्हती. इतका तो मऊ.

आई संध्याकाळी म्हणाल्या, टोचतो.

शिंप्याने सांगितलं, सोड नाद, बाजारातून एक तयार आण, म्हातारी माणसं हट्टी असतात. मी तयारही आणला. त्यांनी घडी मोडली नाही. मी फार थकलो होतो. वाटलं, पुन्हा एकदा सगळे तुकडे लावून पाहू, तोवर मनावर घेतील. तुकडे मागितले तर म्हणाल्या, हरवले. चारही? चारही.

मग मीच सुया घेतल्या. आमच्यात विणणं हिचं, लोकर धुणं, विंचरणं, कातणं माझं. मला सरळ टाका येतो, बास. शेळीच्याच लडीतून धागा घेतला आणि दोन दिवस खपून तुकडा केला. एका बाजूला रुंद, दुसरीकडे अरुंद, मधे टाका सुटलेला. आईंनी तो उजेडात धरला आणि विचारलं की यात मासे धरायचे का. पण लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "हा नाही टोचत."

मी म्हटलं, "आई, लोकर तीच आहे. मागच्या आठवड्यात टोचत होती."

त्या म्हणाल्या, "हा तुम्ही विणलाय. हा उसवलात तर माझं काय जातंय?"

मी खाली बसलो. त्यांनी उशीखाली हात घातला आणि चारही तुकडे माझ्यासमोर ठेवले. नीट, एकावर एक. हिचे टाके एकसारखे असायचे, छापल्यासारखे. आई म्हणाल्या, ती गेली त्या दिवशी तो मेंढीचा खरंच टोचत होता. बाकीच्यांचं खोटं सांगितलं. टोचत नाही म्हटलं असतं तर तुम्ही तिचं विणलेलं ओढून काढलं असतं. तुमच्या दुकानाची रीतच ती.

मी म्हटलं, "नाही उसवणार."

"रीत मोडाल?"

"मोडतो."

त्यांनी तुकडे परत उशीखाली सरकवले. मग म्हणाल्या, शेळीचा चांगला आहे, आणि उंटाला वास नव्हता.

नुसती शेळीची घेतली तर कोपरं लगेच विरतात, म्हणून मी तिच्यात थोडी कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर मिसळून कातली. ती मेंढीचीच, पण मऊ. विणायला बाहेर दे, असं शिंपी म्हणाला. आई म्हणाल्या, नको, माप द्यायला कोण उठून उभं राहणार. सुरुवात मी माझा तुकडा उसवून केली. तो उसवताना कोणाला काही वाटलं नाही.

पाठ झाली आहे. थोडी तिरकी आहे, पण पाठ आपल्याला दिसत नाही, असं आई म्हणतात. दुकान बंद केलं की मी त्यांच्याजवळ बसून विणतो. टाका सुटला तर त्या बघतात, बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

थंडी आली आहे. पुढची बाजू छातीपर्यंत आली आहे. गळ्यासाठी टाके कमी करायला मला येत नाही. बाह्या अजून सुरू केलेल्या नाहीत.